चाखून कोण देणार

रेणुकाने उभ्या आयुष्यात दारूचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता आणि तिला बारमध्ये नोकरी हवी होती. आता याला काय म्हणावं! हलवायाने साखर न चाखण्याची शपथ घ्यावी आणि वर मिठाईचं दुकान टाकायला निघावं, तसला हा प्रकार. पण पोरगी हट्टी होती, आणि हट्टाच्या जोडीला डोकंही होतं, म्हणून तिने त्यातूनही वाट काढली होती. चाखायचं काम ती विकीकडून करून घ्यायची.

विकी तिच्याच हॉटेलात बारवर होता. ती बँक्वेटला, म्हणजे लग्न-रिसेप्शनच्या हॉलमध्ये, चार वर्षं लोकांची ताटं उचलत होती. ताटं उचलता उचलता तिची नजर बारच्या काउंटरकडे जायची. तिथे बर्फ, फळं, सरबतं आणि मापं यांचा जो खेळ चालायचा तो तिला शिकायचा होता. मोबाईलवर बघून बघून आणि विकीचं डोकं खाऊन खाऊन तिने तो बराचसा शिकूनही घेतला होता. नाक तर असं तल्लख की नुसत्या बुचाचा वास घेऊन बाटलीत काय आहे ते सांगावं. फक्त जिभेला कुलूप होतं.

ते कुलूप तिच्या आईने लावलेलं. हॉटेलची नोकरी लागली त्या दिवशी पंचफुलाने तिला घरातल्या बुद्धमूर्तीसमोर बसवलं आणि म्हणाली, "चार शीलं सगळ्यांसंगट म्हणतीसच. पाचवं आज एकटीनं म्हण. जिभेवर थेंब नाही." रेणुकाने म्हटलं. पाचवं शील नशेचं, आणि त्या घरात त्याला केवढं वजन होतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

कारण तिचे वडील तातेराव. नांदेडकडून हैदराबादला आले, एका सरकारी ऑफिसात अटेंडर, म्हणजे शिपाई, झाले आणि पिऊ लागले. असे प्यायले, असे प्यायले, की पंचफुलाने आबिड्सच्या पोस्टामागच्या गल्लीत चहाची गाडी लावली आणि सतरा वर्षं दोन लेकरं त्या गाडीवर वाढवली. एकोणीस वर्षांपूर्वी एका पौर्णिमेला तातेरावांनी विहारात सगळ्यांसमोर हात जोडले, शील घेतलं, आणि त्या दिवसापासून थेंब शिवला नाही. खोकल्याचं औषध आणलं की आधी बाटलीवरचं लेबल वाचून घ्यायचे. होमिओपॅथीच्या गोळ्या नकोत, त्या स्पिरिटात भिजवतात म्हणे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यातली गत. पंचफुलाने गाडी कधीच बंद केली होती, रेणुकाचा भाऊ धम्मदीप बँकेत लागला होता, नारायणगुड्यात दोन खोल्यांचं भाड्याचं का होईना पण शांत घर होतं.

आणि आज, भर पौर्णिमेच्या दिवशी, त्या शांत घरात ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोचलेली व्हिस्कीची बाटली होती. ती रेणुकाने ठेवली होती.

तिला ते करायचं नव्हतं. पण हॉटेलच्या अश्विनी मॅडमनी, ज्यांच्या हाताखाली सगळा बार होता, उन्हाळ्याच्या नव्या मेनूसाठी एक टूम काढली होती. घरच्या घरी कुणालाही करता येईल असं एक पेय हवं, गार चहाचं, फळाचं, व्हिस्की घातलेलं. हॉटेलातल्या कुणीही करून आणावं. ज्याचं मेनूत जाईल तो बारवर जाईल, कारण बारवर एकच जागा रिकामी होती आणि ती आज भरायची होती. रविवारी संध्याकाळी सहा वाजता. बँक्वेटच्या माणसांना बारचा माल हाताळायची परवानगी नाही, तेव्हा घरून करून आणणं आलं. रेणुकाने चार वर्षं याच दिवसाची वाट पाहिली होती. दुसरा असा दिवस कधी येईल, येईल की नाही, याची काही खात्री नव्हती.

डोकं दुखतंय असं सांगून ती विहारात गेली नाही. आई, वडील, भाऊ सकाळीच गेले. कार्यक्रम, जेवण, मग प्रवचन, पाचच्या आत कुणी परतणार नव्हतं.

पेय तिने मनात केव्हाच रचून ठेवलं होतं. बेगम बाजारातून सुकलेली खुबानी, म्हणजे जर्दाळू, आणली होती, तपकिरी, सुरकुतलेली, म्हाताऱ्या गालांसारखी. हैदराबादेत लग्नाच्या जेवणात शेवटी खुबानीचा गोड पदार्थ नसेल तर पाहुणे रुसतात, मग हैदराबादच्या गार चहात सगळे घालतात ते पीच कशाला? रात्रभर भिजवून, बिया काढून, भिजवलेल्याच पाण्यात साखर घालून तिने ती मंद आचेवर शिजवली आणि गाळणीतून घासून घट्टसर रस काढला. लिंबं पिळून ठेवली. बर्फाचे दोन ट्रे फ्रीजमध्ये तयार होते. चहा तिने आईच्या गाडीवरचा केला. बेगम बाजारातूनच आणलेली कडक भुकटी, भांड्यावर झाकण, झाकणाच्या कडेला कणकेचं लिंपण, आणि पाऊण तास बारीक आचेवर दम. तो रंग उतरला की असा उतरला की रेणुका खूश झाली. चहा वेगळा चाखला, खुबानी घालून चाखला, लिंबू घालून चाखला. फक्कड.

मग पिठाच्या डब्यातून बाटली निघाली. खोकल्याच्या औषधाच्या मापाच्या झाकणाने तिने व्हिस्की मोजली, पेल्यात चहा, खुबानी, लिंबू, व्हिस्की, वर बर्फ, आणि लांब चमच्याने ढवळलं. वास घेतला. वास छान होता. पण नाकाला वास कळतो, तुरटपणा कळत नाही, हे तिला मागच्याच महिन्यात कळलं होतं. वासावर विसंबून तिने संत्र्याचं एक पेय विकीपुढे ठेवलं होतं आणि विकीने एक घोट घेऊन तोंड धुऊन टाकलं होतं.

विकी तीनला येणार होता. सव्वातीनला त्याचा फोन आला.

"रेणू, मैं नै आ सकतूँ," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मॅनेजर मेरेकू शामीरपेटला पाठवतोय, फार्महाऊसची पार्टी आहे. गाडीत बसलो पण."

"विकी, मजाक नको करू. सहाला टेस्टिंग आहे."

"अगं मजाक नै. तू चाख ना जरासं. एक थेंबाने काय होतंय?"

"ते नाही होणार."

"मग घरात कुणाला तरी दे. शेजारी कुणी?"

शेजारी! खालच्या मजल्यावरच्या काकूंना एक चमचा दिला असता तर पाच वाजायच्या आत विहारातल्या पोराटोरांपर्यंत बातमी पोचली असती. तिने फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. न चाखता न्यावं? आणि अश्विनी मॅडमनी तोंड धुतलं तर? आपणच थेंबभर घेऊन थुंकावा? तिने चमचा उचलला, ओठांपाशी नेला, आणि परत ठेवला. दिलेला शब्द तिला मोडवेना. आईने घातलेली अट होती हे खरं, पण तो शब्द तिच्या स्वतःच्या तोंडून गेलेला होता, आणि चार वर्षं तिने तो पाळला होता.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

चोराच्या मनात चांदणं. तिने बाटली पिठात खुपसली, पेल्यावर ताटली झाकली, मग वाटलं ताटली जास्तच दिसते, म्हणून काढली. दार उघडलं तर तातेराव. हातात स्टीलचा डबा.

"डोकं दुखायलंय म्हणलीस," ते चपला काढत म्हणाले. "खीर आणली. गरम हाय तवर खा. तुझ्या मायला सांगून आलो, अर्ध्या तासात परततो म्हणून."

तिच्या डोकेदुखीसाठी म्हातारा माणूस उन्हातून खीर घेऊन आला होता. रेणुकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा घ्यायला तिने हात पुढे केला, पण तातेराव डबा देईनात. ते दारातच थांबले होते. नाकपुड्या जराशा फुलल्या होत्या.

"बाबा, मी सांगते," ती घाईने म्हणाली.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टूल होतं, त्यावर तातेराव जाऊन बसले. डबा मांडीवर. पेल्याकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि मग समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. रेणुकाने सगळं सांगितलं, बारची एकच जागा, सहा वाजता, विकी, शामीरपेट. सांगता सांगता तिचा आवाज फुटला. चार वर्षं दुसऱ्यांची खरकटी ताटं उचलली, हे तिने बोलून दाखवायचं ठरवलं नव्हतं, पण तेही बोलून गेली.

"मग आता?" तातेरावांनी विचारलं.

"आता काही नाही. तसंच नेते. जे व्हायचं ते होईल."

"तसंच कसं नेतीस? न चाखता कुणी देतं का?" ते भिंतीशीच बोलत होते. मग हळूच म्हणाले, "मी सांगतो."

"नको बाबा."

"घोट नाही गं. जिभेच्या टोकाला थेंब. गिळत बी नाही, थुंकतो. मला कळतंय ना त्यातलं. तुझ्या विकीपेक्षा जास्त कळतंय." आणि ते हसले. ते हसू रेणुकाला आवडलं नाही. लहानपणी ती ते हसू ओळखत असे.

हे इथेच थांबायला हवं होतं. तिने पेला उचलून मोरीत ओतायला हवा होता आणि वडिलांना हाताला धरून परत विहारात सोडून यायला हवं होतं. हे तिला त्या क्षणी कळत होतं, नंतर नव्हे. पण भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. एकोणीस वर्षं झाली, तिने स्वतःला समजावलं. एकोणीस वर्षांत माणूस बदलतो. थुंकतीलच. एक थेंब. आणि त्यांना खरंच कळतं.

तिने चमचा पेल्यात बुडवला. अर्धाच भरला. तातेरावांच्या पुढे धरला.

त्यांनी चमचा घेतला नाही लगेच. आधी डबा मांडीवरून उचलून खाली जमिनीवर ठेवला, नीट, झाकण दाबून. मग हात पुढे केला. चमचा घेतला. चमच्यातलं पेय हलून कडेपर्यंत आलं, पण सांडलं नाही. चमचा ओठांपासून चार बोटांवर आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि रेणुकाला वाटलं, आता थांबवावं. तिने थांबवलं नाही.

"ओ."

दारात पंचफुला उभी होती. दार रेणुकाने नुसतंच लोटलं होतं. पांढरं लुगडं, कपाळावर घाम, जिना चढून धाप लागलेली. एकोणीस वर्षांनंतरही ही बाई नवऱ्याची अर्ध्या तासाची बोली मोजत होती, आणि चाळीस मिनिटं झाल्यावर प्रवचनातून उठून आली होती.

ती आत आली. तातेरावांच्या हातातून चमचा काढून घेतला, तान्ह्या मुलाच्या हातातून सुई काढावी तितक्या सावकाश. मग रेणुकाकडे वळली.

"सोताचं शील सांभाळलंस," ती म्हणाली, "आन बापाचं चमच्यात धरलंस?"

रेणुकाला वाटलं, याच्यापेक्षा आईने कानाखाली वाजवली असती तर बरं. ती रडायला लागली. तातेराव मधेच म्हणाले, "मीच म्हणलो तिला. पोरीचं काय नाही त्यात."

"तुमी गप बसा. तुमच्याशी मी मागून बोलते." पंचफुलाची नजर ओट्यावर फिरली. पातेल्याच्या कडेला वाळलेली कणीक, खुबानीच्या बियांचा ढीग, लिंबाच्या साली, बर्फाचा ट्रे. "काय हाय हे? आन कशापायी?"

रेणुकाने हुंदके देत दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी थोडक्यात, आणि ताटांचं न बोलता. पंचफुला ऐकत होती. हातातला चमचा तसाच होता, अर्धा भरलेला. ऐकून झाल्यावर तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं. तातेराव चमच्याकडेच बघत होते. आपण बघतोय हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

पंचफुलाने चमचा तोंडात घातला.

"माय!" रेणुका ओरडली.

पंचफुलाने गिळलं. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, छातीवर हात गेला. बासष्ट वर्षांची बाई, जिने विहारातल्या बायकांना घेऊन गल्लीतला गुत्ता बंद पाडला होता, जिच्या घरात एकोणीस वर्षांत आयुर्वेदिक आसवाचा चमचाही आला नव्हता, ती दारू प्यायली होती. ओट्याला धरून ती क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, "चहा बिघडलाय."

"काय?"

"चहा गं. ती दारू काय चांगली का वाईट मला काय माहीत, मला ती नुसती आग वाटली. पण खाली चहा हाय ना, तो बिघडलाय. तुरट झालाय, टाळूला चिकटतोय. दम दिलास?"

"तुझ्या गाडीवर देत होतीस तसाच दिला. पाऊण तास."

"अगं येडे, माझ्या चहात दूध पडायचं! दुधात तो कडकपणा जिरतो. हे तर कोरं. वरून बर्फ. गार केलं की गोडी मागं हटती आन तुरटपणा म्होरं येतो. गरम चाखलास म्हणून तुला कळलं नाही." पंचफुलाने पातेलं उचललं आणि पाऊण तासाचा चहा मोरीत ओतून दिला. "किती वाजले?"

"चार."

"निघतीस कवा?"

"सव्वापाचला."

"मग रडायला वेळ हाय का?"

आणि मग त्या स्वयंपाकघरात जे झालं ते रेणुकाला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. आईने पदर खोचला. पाणी उकळून खाली उतरवलं, मग चहा घातला. आच अजिबात नाही. तोंडाने आकडे मोजत उभी राहिली आणि दीडशेला गाळून टाकला. रेणुका सवयीने गाळणीतला चोथा चमच्याने दाबायला गेली तर तिच्या हातावर चापट बसली. "पिळायचा नाही. सगळा तुरटपणा त्या चोथ्यात हाय." गरम चहा तसाच फ्रीजमध्ये ठेवला तर गढूळ होतो, हे मात्र रेणुकाला माहीत होतं. तिने त्यात साधं पाणी घालून तो आधी कोमट केला, मग पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवलं. चहा काचेसारखा स्वच्छ राहिला. पंचफुला बघत राहिली, आणि रागातही तिच्या तोंडून "हुशार हाईस" निसटलं.

पण चाखायला कुणीतरी हवंच होतं. दुसरा पेला झाला. पंचफुलाने चमचा पुढे केला.

"माय, नको. मी घेते. माझं शील मोडू दे."

"तुझं कशाला? एकाचं मोडलंय ना, तेवढंच पुरे. मी उद्या विहारात जाईन आन फिरून घेईन. बोलीन सगळ्यांसमोर, का मोडलं ते बी सांगीन." तिने चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. "बरं हाय. पर खुबानी कुठं गेली? दारूच बोलायलीय."

रेणुकाने व्हिस्की कमी केली, खुबानी वाढवली. तिसरा चमचा. "गुळमट. लिंबू." चौथा चमचा. पंचफुलाच्या गालांवर लाली चढली होती आणि ती ओट्याला पाठ लावून उभी होती. "मीठ घाल. चिमटीला येईल त्याच्या बी निम्मं." पाचवा चमचा. तिने जीभ टाळूवर फिरवली, थांबली, परत फिरवली. सतरा वर्षं पहाटे चारला पहिला चहा हिनेच चाखला होता, गाडीवर गिऱ्हाईक यायच्या आधी. तो चेहरा रेणुकाने लहानपणी रोज बघितला होता.

"आता हे विक," पंचफुला म्हणाली.

तातेराव आता स्टुलावर नव्हते. ते कधी उठले हे दोघींच्या ध्यानात आलं नाही. रेणुकाने घाबरून वळून बघितलं, तर ते आतल्या खोलीत खिडकीशी उभे होते, खिडकी सताड उघडी, तोंड बाहेर.

रेणुकाने चहा, रस, व्हिस्की सगळं मोजून थर्मासात भरलं. उरलेली बाटली पंचफुलाने उचलली आणि मोरीत उलटी धरली. वरून दोन बादल्या पाणी ओतलं, फिनाईल ओतलं. वास गेला नाही. उलट वाढला. पोरगी जिना उतरत असताना वरून आईचा आवाज आला, "नीट जा. थर्मास आडवा धरू नको." पंचफुलाने आशीर्वाद दिला नाही आणि रेणुकालाही मागायचा धीर झाला नाही.

सहा वाजता अश्विनी मॅडमसमोर चौदा पेले होते. रेणुकाचा नववा. तिने स्वतः बर्फ घातला, ओतलं, खुबानीच्या बीतला पांढरा गर वर ठेवला. मॅडमनी आधीचे आठ एकेक घोट घेऊन बाजूला सारले होते. नववा त्यांनी बाजूला सारला नाही. दुसरा घोट घेतला, मग तिसरा.

"हा चहा कुणी केला?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आईने."

"आणि चाखून कोण देत होतं? तू तर घेत नाहीस म्हणे."

"आईनेच," रेणुका म्हणाली.

साडेसातला तिला कळलं. पुढच्या सोमवारपासून बार. बँक्वेटच्या पोरींनी तिला मिठ्या मारल्या, कुणी फोटो काढला, शामीरपेटहून विकीचा ओरडता फोन आला. या सगळ्यातून सुटून ती मागच्या जिन्यात गेली आणि घरी फोन लावला.

"झालं का?" पंचफुलाने विचारलं.

"झालं माय. बारवर घेतलं."

"बरं झालं." आवाज थकलेला होता. "जेवून घे तिकडंच. धम्मदीप इथं आलाय, त्याला सांगितलं मी सगळं."

"बाबा कुठायत? त्यांना दे ना फोन."

"ते आतल्या खोलीत हायेत. कडी लावलीय."

"आतून?"

"बाहेरून." पुढचं ती एका दमात बोलली. "तू गेल्यावर सोताच म्हणले, घरात वास राहिलाय, मला काय सुचंना. बाहेरून कडी लाव आन सकाळपर्यंत उघडू नको. मी काय बी म्हणलो तरी उघडू नको, असं म्हणले. मी दारापुढं बसलेय."

रेणुका जिन्यात खाली बसली. एकोणीस वर्षांत माणूस बदलतो, असं तिनेच दुपारी स्वतःला सांगितलं होतं. फोनमधून तिला दार वाजल्याचा आवाज आला, हळू, अदबीने, परक्याच्या घरी वाजवावं तसा. मग लांबून वडिलांचा आवाज.

"कोण हाय? रेणू हाय का? झालं का तिचं?"

"झालं," पंचफुला दाराकडे तोंड करून म्हणाली. "बारवर घेतलं."

"घेतलं? मला म्हाईत होतं घेतील!" तातेरावांचा आवाज आनंदाने फुटला होता, अगदी खऱ्या आनंदाने. "वाघीण हाय माझी पोरगी!" मग तोच आवाज, आता दाराच्या फटीशी आलेला, गोड झालेला. "मग उघड की. असं कोरडं कसं चालंल? कोपऱ्यावर जाऊन पोरीसाठी पेढे आणतो. पाच मिनिटांत येतो."

नारायणगुड्यातल्या त्या कोपऱ्यावर मिठाईचं दुकान होतं आणि त्याच्यापुढे तीन दुकानं सोडून वाइन शॉप. हे घरातल्या चौघांनाही ठाऊक होतं. रेणुकाने फोन कानाशी घट्ट धरला.

"सकाळी आणा," पंचफुला म्हणाली.